विहारातल्या बुद्धमूर्तीचा सकाळच्या उजेडात फोटो काढायचाय, जमत नाहीये (नाशिक)

सातपूरकर | रविवार, रात्री ९:१२

जय भीम, नमस्कार मंडळी.

आमच्या वस्तीतल्या विहाराचं बुद्धपौर्णिमेचं पत्रक आणि दारावरचा फ्लेक्स यंदा माझ्या गळ्यात पडलाय. कारण एवढंच की मंडळात सगळ्यात नवा फोन माझा. गेल्या वर्षी एका पोराने फोटो काढला, छापणाऱ्याने त्याला वरून 'उठाव' दिला, आणि मूर्ती हळद फासल्यासारखी पिवळीजर्द आली. कुणी काही बोललं नाही. पण तो फ्लेक्स आता विहारामागच्या शेडवर पत्र्याला पत्रा म्हणून टाकलाय आणि कामावर जाताना रोज दिसतो.

जागा अशी आहे: लांबट खोली, दहा फूट रुंद. दार पूर्वेला, चार फूट रुंद आणि सात फूट उंच. दारातून आत वीस फुटांवर अडीच फुटांचा चौथरा, त्यावर साडेतीन फुटांची फायबरची सोनेरी मूर्ती, ध्यानमुद्रेत. दोन्ही बाजूच्या भिंती पांढऱ्या, जयंतीला रंग दिलाय. दारासमोर बुटकी पत्र्याची घरं आणि मग मैदान, म्हणजे ऊन अडत नाही.

आज सहालाच जाऊन बसलो. वाटलं, दार पूर्वेला म्हणजे सूर्य उगवला की ऊन सरळ चेहऱ्यावर येणार. कसलं काय! ऊन डावीकडच्या भिंतीवर गेलं. मूर्तीच्या एका गुडघ्याला जेमतेम लागलं. फोटोत भिंत पांढरीफटक आणि चेहरा काळा. ट्यूबलाइट लावली तर अर्धी मूर्ती निळसर, अर्धी पिवळी. मागचं फिरतं एलईडी चक्र लावलं तर फोटोवर आडवे पट्टे. दहा-बारा दिवस हातात आहेत. काय चुकतंय?

---

रॉ_फाईल | रविवार, रात्री १०:०५

फोनने होणार नाही. फुल फ्रेम बॉडी, ८५ची लेन्स आणि एक सॉफ्टबॉक्स भाड्याने घ्या. एका दिवसाचं काम आहे.

---

सातपूरकर | रविवार, रात्री १०:११

दादा, पत्रकाचं एकूण बजेट तुमच्या लेन्सच्या झाकणाएवढं आहे.

---

उजेडवेडा | सोमवार, पहाटे ५:४०

तुमचं काहीच चुकलेलं नाही, फक्त महिना चुकलाय. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. चालवून घ्या.

सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. बाकी वर्षभर तो सरकत असतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत उगवतीची जागा सरळ पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे जाते आणि डिसेंबरात तेवढीच दक्षिणेकडे. आत्ता एप्रिलच्या उत्तरार्धात ती ११-१२ अंश उत्तरेला सरकलेली आहे. तुमच्या दाराच्या मध्यापासून वीस फूट आत ११ अंश म्हणजे जवळजवळ चार फुटांचा फरक. दार मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोनच फूट. मग चेहऱ्यावर ऊन येणार कुठून? सूर्य उत्तरेला सरकला की आतलं ऊन दक्षिणेला सरकतं. मूर्तीकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण डावीकडे. म्हणून तुमची डावी भिंत उजळली.

थेट चेहऱ्यावर ऊन हवं असेल तर विषुवदिनाच्या, म्हणजे त्या दोन तारखांच्या, मागेपुढे दहा-बारा दिवस मिळतात. तेही सूर्य चढेपर्यंतच. आपल्याकडे सकाळी तो तासाला साधारण १४ अंश वर चढतो. दाराची चौकट सात फुटांवर, मूर्तीचा चेहरा साडेपाचला, मधलं अंतर वीस फूट. सूर्य चार-सव्वाचार अंशांवर गेला की चौकटीची सावली चेहऱ्यावर उतरते. म्हणजे उगवल्यापासून जेमतेम १८ मिनिटं.

पण थेट ऊन हवंच कशाला? भिंतीवर पडलेलं ऊन हाच तुमचा दिवा आहे. काल तुम्ही त्या दिव्याला पाठ फिरवून चिडत बसलात.

---

सातपूरकर | सोमवार, सकाळी ८:३०

सर, कंपनीच्या बसमध्ये बसून तीनदा वाचलं. भिंत हाच दिवा म्हणजे कसं?

---

लेणीभटक्या | सोमवार, दुपारी १:२०

सरांच्या आधी मी घुसतो, कारण हे बघायला नाशिककराला लांब जायला नको. पांडवलेण्यावर जा. २० नंबरच्या लेण्यात अगदी आत गाभाऱ्यात मोठी बुद्धमूर्ती आहे. पाय खाली सोडून बसलेली, हात धर्मचक्रमुद्रेत, दोन्ही बाजूंना चवऱ्या धरलेले सेवक. तिच्यापर्यंत ऊन कधीच थेट पोचत नाही. ओसरी, मग मोठं दालन, मग गाभारा. पण सकाळी बाहेर उजेड असला की दहा मिनिटं नुसतं बसून राहा. डोळे सरावले की चेहरा हळूहळू वर येतो. तो सगळा उजेड जमिनीवरून आणि बाजूच्या भिंतींवरून आपटत आपटत आत आलेला असतो. काळा बेसॉल्ट अर्धाअधिक उजेड गिळतो, तरी एवढा उरतो. तुमच्याकडे तर पांढरी भिंत आहे राव.

१८ नंबरचं चैत्यगृह मुद्दाम बघा. तिथे मूर्ती नाही, नुसता स्तूप आहे, कारण ते खोदलं तेव्हा बुद्धाची मूर्ती घडवायची रीत इथे नव्हती. मूर्ती शतकांनंतर आल्या. दारावरच्या पिंपळपानी कमानीतून उजेड वरून आत येतो आणि स्तूपाच्या अंडावर, म्हणजे गोल घुमटावर, पसरतो. गोल वस्तूवर एका बाजूने उजेड आला की काय होतं, ते तिथे कळतं. चेहरा म्हणजे तरी काय, गोलच.

---

निळी_पहाट | सोमवार, दुपारी २:०२

लेणीभटक्या, माहिती छान. पण 'पांडवलेणी' का म्हणता? पांडवांचा काय संबंध? त्रिरश्मी बुद्धलेणी म्हणा.

---

लेणीभटक्या | सोमवार, दुपारी २:३०

मान्य. लहानपणापासूनची जिभेची सवय. १० नंबरच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात 'गोवर्धने त्रिरश्मिषु पर्वतेषु' असं स्वच्छ कोरलंय. क्षत्रप राजा नहपानाचा जावई तो, म्हणजे नाव जवळजवळ १९०० वर्षं जुनं. आणि ३ नंबरचं लेणं सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने दिलेलं, तिथेही पर्वताचं नाव प्राकृतात 'तिरण्हु' असं येतं. पांडव फार नंतर चिकटले. तरी रिक्षावाल्याला 'त्रिरश्मी' सांगून बघा, तो आधी पाथर्डी फाट्याला नेईल आणि मग विचारेल, "पांडवलेणीच ना?"

---

खादाड_पंचवटी | सोमवार, दुपारी २:४१

अवांतर: लेण्यावरून उतरल्यावर मिसळ कुठे खाता?

---

लेणीभटक्या | सोमवार, दुपारी २:४४

त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे मिसळीचं नाव घेतलं तर फोटोचा विषय परत निघणार नाही.

---

उजेडवेडा | सोमवार, रात्री ८:१५

चैत्यगृहाचं उदाहरण चपखल. आता भिंतीचं.

ऊन सरळ मूर्तीवर पडलं की सोनेरी रंगावर नाक, कपाळ, खांदा अशा उंचवट्यांवर पांढरे ठिपके जळतात आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. भिंतीवर पडलेलं ऊन पसरून येतं. चार फूट रुंद उजळलेली भिंत म्हणजे चार फूट रुंद मऊ दिवा. रॉ_फाईल यांचा सॉफ्टबॉक्स तेच करतो, फक्त त्याचं भाडं पडतं.

तुमच्या मापांवरून आकडेमोड केली. आत्ता ऊन डाव्या भिंतीच्या शेवटच्या चार-पाच फुटांत लागत असेल, म्हणजे मूर्तीच्या अगदी बगलेत. पौर्णिमेकडे जाल तसा सूर्य आणखी उत्तरेला जाईल आणि भिंतीवरचं ऊन दाराच्या दिशेने पुढे येईल. म्हणजे उजेड मूर्तीच्या थोडा समोरून पडेल, जो हवाच आहे. तेव्हा घाई करू नका. आठवडाभर थांबलात तर भिंत स्वतःहून जागा बदलेल. सूर्योदय सध्या सव्वासहाच्या आसपास आहे, मेच्या सुरुवातीला सहा-पाच होईल. उगवल्यापासून दहाव्या ते पस्तिसाव्या मिनिटापर्यंतचा वेळ तुमचा.

आणि सोन्याबद्दल एक सांगतो, हे फार कमी लोक ध्यानात घेतात. सोनेरी रंग सोनेरी दिसतो तो त्याच्यावरच्या उजेड-अंधाराच्या फरकाने. चहूकडून सारखा उजेड टाका, लगेच पिवळा ऑइलपेंट. सराफ काळ्या मखमलीवर दागिना ठेवतो तो उगाच नाही. म्हणून उजवीकडची बाजू काळोखात राहू द्या. तिथे पांढरी भिंत आहे, ती उजेड परत फेकेल, तेव्हा तिच्यावर गडद सतरंजी किंवा काळं कापड टांगा. गेल्या वर्षीची 'हळद' निम्मी तिथूनच आली असणार.

---

छापखान्यातला | सोमवार, रात्री ९:५०

उरलेली निम्मी आमच्याकडून. कबूल. :)

छपाईत सोनेरी म्हणून शाईच नसते (वेगळी धातूची शाई लावली तर गोष्ट निराळी, ती तुमच्या बजेटात नाही). पिवळी, किरमिजी आणि काळी मिळून सोन्याचा भास करायचा. गिऱ्हाईक म्हणतं उजळ करा, की ऑपरेटर काळी कमी करतो, की उरते मोहरी. तेव्हा छापायला देताना सांगा, सावल्या उचलू नका. फोनच्या पडद्यावर मागून उजेड येतो, कागदावर येत नाही, म्हणून पडद्यावर दिसतं त्याहून छापलेलं थोडं गडद येतं. आधी एक छोटा तुकडा छापून घ्या आणि तो दारात, दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबखाली बघून 'ओके' म्हणू नका.

आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका हो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह आणा. निम्मे फ्लेक्स तिथेच मरतात.

---

माई_नाशिकरोड | मंगळवार, सकाळी ७:०५

नमो बुद्धाय. बाळा, सगळे उजेडाचं सांगतायत, मी दुसरं सांगते.

मूर्तीसमोर जमिनीवर बस. आपण वंदनेला बसतो तसं. मग वर बघ. भगवंतांचे डोळे अर्धे मिटलेले आणि खाली वळलेले असतात. उभं राहून पाहिलं तर ते झोपल्यासारखे वाटतात. बसलं की तीच नजर आपल्यावर येते. मूर्ती बसून बघणाऱ्यासाठी घडवलेली असते. फोटोही तिथूनच काढ.

चौथऱ्यावर चढू नकोस. हार-फुलं फोटोसाठी काढून फेकू नकोस, सुकलेली असतील तर वंदना करून उतरव. धूळ पुसायची तर कोरडा मऊ ब्रश घे, ओलं फडकं मारशील तर रंग जाईल. आमच्या विहारात असाच गेलाय, कान पांढरा झाला.

---

रॉ_फाईल | मंगळवार, सकाळी ९:१५

माईंचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे, पण एक दुरुस्ती. बसून अगदी जवळून फोनच्या साध्या लेन्सने काढलंत तर गुडघे आणि हात मोठे आणि डोकं बारकं येईल. बारा-तेरा फूट मागे बसा आणि २एक्स लावा. बोटांनी झूम ओढू नका, २एक्सचं बटण असतं ते दाबा.

आणखी काही (बॉडी-लेन्स सोडून, परवा जरा जास्तच बोललो):

चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होईल. मग शेजारची सूर्याची खूण खाली ओढा, कपाळावरचा पांढरा ठिपका जाईपर्यंत. फोटो पडद्यावर थोडा काळोखी वाटेल. वाटू द्या.

ट्यूब आणि ते चक्र दोन्ही बंद. ट्यूबचा रंग आणि सकाळच्या उन्हाचा रंग कधीच जुळत नाही, कॅमेरा दोन्हींच्या मधलं काहीतरी धरतो आणि दोन्ही बिघडतात. पट्टे चक्रामुळेच आले. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला कळत नाही, फोनला कळतं. चक्र हवंच असेल तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. माझं ऐकाल तर बंदच ठेवा.

ट्रायपॉड नसला तर स्टुलावर एक किलो तांदळाची पिशवी ठेवा, तीत फोन रुतवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. आयएसओ (फोन उजेडाला किती संवेदनशील ते) १००वर.

---

निळी_पहाट | मंगळवार, सकाळी १०:३०

दारातून येणारी उन्हाची तिरीप दिसायला हवी असेल तर पाच-सहा अगरबत्त्यांचे पुडे एकदम लावा, धुरात किरण मस्त दिसतात. एका लग्नाच्या शूटिंगमध्ये बघितलंय.

---

माई_नाशिकरोड | मंगळवार, सकाळी १०:५२

पुडे? विहार आहे की वीटभट्टी? वंदनेला तीन अगरबत्त्या लावतोच आपण. तेव्हा फोटो काढ, जेवढा धूर असेल तेवढा असू दे.

---

सातपूरकर | बुधवार, सकाळी ७:४०

आज पुन्हा गेलो. ट्यूब बंद, चक्र बंद, उजव्या भिंतीवर घरची चॉकलेटी सतरंजी. (बायको: "ती लग्नातली आहे, खिळा मारशील तर बघ." सुतळीने बांधली.) जमिनीवर बसून काढले.

काय सांगू! सहा-अठ्ठावीसला डाव्या भिंतीवर ऊन आलं आणि मूर्तीचा डावीकडचा गाल हळूच उजळला. बल्बसारखा नाही, चुलीसमोर बसलेल्या माणसाचा गाल उजळतो तसा. गेल्या वर्षीचं तेच फायबर, तोच रंग, पण आज सोनं दिसलं.

एकच अडचण, हनुवटीखाली आणि हातांवर अजून काळोख आहे. ध्यानमुद्रेतले हात दिसलेच पाहिजेत, असं अध्यक्ष म्हणाले.

---

उजेडवेडा | बुधवार, सकाळी ८:२०

हातांसाठी उजेड खालून हवा. फरशीचा रंग कोणता?

---

सातपूरकर | बुधवार, सकाळी ८:२२

काळी कडप्पा.

---

उजेडवेडा | बुधवार, सकाळी ८:३१

मग बरोबर, ती उजेड पिते. फरशीवर जिथे ऊन येतं तिथे पांढरी चादर अंथरा. नीळ दिलेली नको, निळा उजेड फेकेल. जुनी, धुऊन मऊ झालेली घ्या. चादर फोटोच्या चौकटीबाहेर राहील एवढी मागे. मात्र थोडीच. खालून जास्त उजेड आला की चेहरा भुताटकीच्या नाटकातला दिसतो. भिंत मुख्य, चादर दुय्यम.

---

लेणीभटक्या | बुधवार, दुपारी १२:४५

सर, तुमच्या गणितावरून एक शंका. लेण्यांची रांग डोंगराच्या वळणाने जाते, तोंडं साधारण उत्तर ते पूर्व या पट्ट्यात. म्हणजे सकाळचं ऊन ओसरीत सगळ्यात आत मे-जूनमध्येच जात असेल का?

---

उजेडवेडा | बुधवार, दुपारी १:३०

ज्यांचं तोंड ईशान्येकडे झुकलंय त्यांना हो. त्यातही जूनच्या मध्यानंतर ढग येतात, म्हणजे हातात उरतो मे. आणखी गंमत सांगतो. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नाशिकला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. एरवी उत्तरेकडे तोंड असलेल्या ज्या दगडाला दुपारचं ऊन लागत नाही, त्याला तेवढे दोन महिने लागतं. फोनवर होकायंत्र उघडून एकेका लेण्याच्या दारात उभे राहा आणि नोंदी करा. मलाही पाठवा. गुडघ्यांमुळे आता मला त्या पायऱ्या होत नाहीत.

---

लेणीभटक्या | बुधवार, दुपारी १:३६

रविवारी जातो. सगळ्या २४ लेण्यांच्या नोंदी आणतो.

---

रॉ_फाईल | बुधवार, दुपारी २:१०

जाताना ट्रायपॉड नेऊ नका, पुरातत्त्व खात्याच्या जागेत त्याला परवानगी लागते. हातात धरून काढा. सराव हवा असेल तर पायथ्याला, फाळके स्मारकाशेजारच्या बुद्धविहारात घुमटाखाली मोठी सोनेरी मूर्ती आहे. सोनेरी रंगावर एक्स्पोजर किती खाली ओढायचं, ते तिथे हाताला बसेल.

---

सातपूरकर | पौर्णिमेच्या चार दिवस आधी, सकाळी ९:०५

मंडळी, झाला फोटो. पण ठरवलं तसा नाही झाला.

चादर अंथरून सहाला तयार बसलो. सर म्हणाले तसं भिंतीवरचं ऊन खरंच पुढे आलंय, आठवड्यात दोनेक फूट. वीस-बावीस फोटो काढले. चांगले होते, पण हातांवर उजेड चादरीच्या आकाराचा, चौकोनी पडला. चादर ओढून, घडी करून बघितली. नाही जमलं.

साडेसहाला बायका वंदनेला आल्या. पौर्णिमेच्या कार्यक्रमाची तालीम होती, म्हणून सगळ्या पांढऱ्या साड्यांत. मी म्हटलं, थांबा जरा, फोटो चाललाय. एक आजी म्हणाल्या, "तुझा फोटो चालू दे, आमची वंदना चालू दे." आणि माझ्या चादरीवरच ओळीने बसल्या. मी मागे सरकलो, फोन तांदळाच्या पिशवीसकट उचलून दोन ओळींच्या मधे ठेवला.

त्रिसरण सुरू झालं. दारातलं ऊन त्यांच्या पाठींवर, खांद्यांवर आणि पदरांवर पडलं. समोर बघतो तर हनुवटीखालचा काळोख गेलेला, हात उजळलेले. कुठे कडा नाही, चौकोन नाही. दहा-बारा पांढरे पदर हलत होते, त्यांच्याबरोबर उजेडही किंचित हलत होता. पंचशील संपेपर्यंत नऊ फोटो निघाले. त्यातला सहावा घेतलाय. खालच्या कोपऱ्यात एका आजींचा अंबाडा आलाय, तो कापला नाही.

माई, अगरबत्त्या तीनच होत्या.

---

माई_नाशिकरोड | त्याच दिवशी, सकाळी ९:३०

साधू साधू साधू. एक प्रत माझ्यासाठी ठेव.

---

छापखान्यातला | त्याच दिवशी, सकाळी ९:४८

तुकडा छापून बघितला का?

---

सातपूरकर | त्याच दिवशी, संध्याकाळी ६:२०

बघितला, दारात उभं राहून. ऑपरेटर म्हणाला, जरा उजळ करू का? मी पेनड्राइव्ह खिशात घातला. मग म्हणाला, बरं राहू द्या.

---

खादाड_पंचवटी | त्याच दिवशी, संध्याकाळी ७:००

आता तरी मिसळ?

---

सातपूरकर | पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, रात्री १०:४०

फ्लेक्स लागला. शेडवरचा जुना उतरवला होता, पण खाली सतरंज्या ठेवल्यात आणि पत्र्याला भोकं आहेत. म्हणून परत चढवला, छापील बाजू खाली करून.